"बाकी काही औषध चालू नाही"

बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी विचारलं, "आणखी कुठलं औषध चालू आहे?" बाबा ठामपणे म्हणाले, "काही नाही." मीही मान डोलावली.

घरी आल्यावर तिसऱ्या रात्री ते जोरजोरात घोरायला लागले. आई म्हणाली, "चला, एकदाची शांत झोप लागली." ती शांत झोप नव्हती. हाका मारल्या तरी उठेनात, गदागदा हलवलं तर डोळे उघडून पुन्हा मिटले. धावपळ करून नेलं तेव्हा उलगडा झाला: दुखण्यासाठी ट्रामाडॉल आणि वर उशाखालची अल्प्राझोलम. ती तर कित्येक वर्षं रोजची. पण बाबांच्या हिशेबी ते औषधच नाही, "ती झोपेची आहे"!

बाबा आता बरे आहेत. माझा राग उतरलेला नाही, आणि त्यातला निम्मा स्वतःवरच आहे.

रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदू श्वास घ्यायला टोचत राहतो. ट्रामाडॉल, मॉर्फिन, फेंटानिल ही ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणारी दुखणं थांबवणारी औषधं ती टोचणीच बोथट करतात. त्यात झोपेची गोळी किंवा दारू पडली की श्वास आणखी मंदावतो. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१६ मध्ये ओपिऑइड आणि अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांच्या जोडीबद्दल दोन्हीकडच्या औषधांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. नसांच्या दुखण्यावरच्या गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिनबद्दलही २०१९ मध्ये सावध केलं, विशेषतः म्हाताऱ्या माणसांसाठी.

मनाच्या आजाराची गोळी तर आपण लपवतोच. नैराश्यावरची फ्लुओक्सेटिन घेणाऱ्याला कोडीन हे दुखण्यावरचं ओपिऑइड दिलं तर नीट लागूच पडत नाही, कारण कोडीनचं मॉर्फिन करणारं यकृतातलं एन्झाइम ती गोळी अडवून धरते. दुखणं थांबत नाही, मग माणूस आपल्या मनानं आणखी एक घेतो. ट्रामाडॉलसोबत फ्लुओक्सेटिन घेतली तर फिट येण्याचा धोका वाढतो, आणि मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढून ताप, थरथर, घालमेलही होऊ शकते.

(हे वाचून कुणी रोजची झोपेची गोळी एकदम बंद करू नका, त्यानंही फिट येऊ शकते. डॉक्टरांना सांगा, तेच कमी करतील.)

हल्ली मी "औषध चालू आहे का" असं विचारतच नाही. "रात्री झोपताना तोंडात काय काय टाकता?" असं विचारतो. परवा मावशी आधी "काही नाही रे" म्हणाली. मग पर्समधून चार पाकिटं निघाली. त्यातली एक सर्दीची, गुंगी आणणारी. "ही पण मोजायची का?" म्हणाली.