11 मिनिटांच्या रेकॉर्डविषयी आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार,

आमच्या लेबलने काढलेल्या सात इंची पंक (वेगवान, आक्रमक रॉक संगीताच्या) रेकॉर्डवरचा आपला अभिप्राय मी बँडसोबत बसून दोनदा वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे, की 7 गाण्यांची ही रेकॉर्ड 11 मिनिटांत संपते व त्यामुळे ग्राहकाची फसवणूक होते, ध्वनिमुद्रण कच्चे वाटते, आणि दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे चरचरते. यांतील शेवटची तक्रार पूर्णपणे खरी असून तिची जबाबदारी माझी आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

मिनिटाला 45 फेरे घेणाऱ्या सात इंची तबकडीवर सुई जसजशी मध्याकडे सरकते, तसतशी तिच्याखालून दर सेकंदाला जाणारी खाच आखूड होत जाते. शेवटच्या गाण्यापाशी ही लांबी कडेच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने घटलेली असते. तेवढ्याच वेळाचा आवाज कमी जागेत बसवावा लागतो आणि मग झांजा, तसेच गायकाच्या तोंडचे ‘स’ आणि ‘श’, सर्वांत आधी फाटतात. हे ठाऊक असूनही झांजांनी भरलेले सर्वांत आक्रमक गाणे आम्ही नेमके तिथे ठेवले, कारण बँडला शेवट त्याच गाण्याने करायचा होता. चाचणीसाठी आलेल्या प्रतीत ती चरचर मला ऐकू आली होती. तबकडीवरची खाच पुन्हा कोरून घेतली तर प्रकाशन लांबेल, या विचाराने मी मंजुरी दिली, आणि ते माझे चुकले.

लांबीच्या बाबतीत मात्र मी आपल्याशी सहमत नाही. विक्रीच्या पानावर आम्ही केवळ गाण्यांची संख्या दिली होती, कालावधी दिला नव्हता. ती उणीव मान्य आहे आणि आता तिथे प्रत्येक गाण्याची मिनिटे-सेकंदे लिहिली आहेत. पण 11 मिनिटे हा काही उरकून टाकलेल्या कामाचा परिणाम नाही. रामोन्स या अमेरिकी पंक बँडने 1976 साली पहिल्या अल्बमची 14 गाणी अर्ध्या तासाच्या आत बसवली, आणि मायनर थ्रेट या आणखी एका अमेरिकी पंक बँडच्या 1981 सालच्या पहिल्या सात इंची रेकॉर्डवरची 8 गाणी 10 मिनिटेही घेत नाहीत. या संगीतात एक गोष्ट एकदाच, पूर्ण ताकदीने सांगायची असते. आमच्या रेकॉर्डवरचे चौथे गाणे 52 सेकंदांचे आहे. सरावाच्या वेळी त्याला दुसरे कडवे होते, पण ते पहिल्याचेच म्हणणे पुन्हा सांगत होते, म्हणून बँडने ते काढून टाकले. माझ्या मते गाणे त्यामुळेच उभे राहिले.

ध्वनिमुद्रणाचेही असेच आहे. चौघांनी एकाच खोलीत, एकाच वेळी वाजवले, त्यामुळे गिटारचा आवाज ड्रम्सच्या मायक्रोफोनमध्ये उतरला आहे आणि तो आम्ही जाणूनबुजून तसाच ठेवला. बझकॉक्स या इंग्लिश पंक बँडने 1976 च्या डिसेंबरात एका दिवसात ‘स्पायरल स्क्रॅच’ या रेकॉर्डची 4 गाणी मुद्रित केली, उसन्या पैशांवर स्वतःच ती रेकॉर्ड काढली, आणि कोणते गाणे कितव्या प्रयत्नात जमले हेदेखील वेष्टनावर छापले. काम कसे झाले हे लपवायचे नाही, ही वृत्ती मला मोलाची वाटते. शब्द मात्र ऐकणाऱ्याला कळायला हवेत. गायकाचा आवाज थोडा पुढे आणावा असे माझेही मत होते, पण तिथे मी बँडचा निर्णय मान्य केला. निदान गाण्यांचे शब्द छापून सोबत द्यायला हवे होते.

पुढच्या खेपेत दुसऱ्या बाजूचा क्रम बदलून, तबकडीची खाच नव्याने कोरून घेत आहोत आणि शब्दांचा कागदही त्यात असेल. पहिल्या खेपेची प्रत घेतलेल्या प्रत्येकाला नवी प्रत विनामूल्य मिळेल; जुनी परत पाठवण्याची गरज नाही. आपल्याला त्याऐवजी पैसे परत हवे असतील, तर खरेदीच्या पावतीचा क्रमांक लेबलच्या पत्त्यावर कळवावा.

आपला,
लेबलचा चालक