रामशेजच्या फलकावरची एक मात्रा

नाशिकहून पेठ रस्त्याने निघाले की आशेवाडीच्या डोक्यावर रामशेज दिसतो. १६८२ साली मोगलांनी त्याला वेढा घातला आणि हा लहानसा किल्ला पुढे काही वर्षे त्यांना दाद देईना. लोखंडी तोफा नव्हत्या म्हणून गडकऱ्यांनी लाकूड पोखरून तोफा केल्या, अशी नोंद खाफीखान या मोगलांच्याच इतिहासकाराने केली आहे. या किल्ल्याची माहिती देणारा फलक पायथ्याशी लावावा, असे नाशिकच्या आमच्या जुन्या भटक्या मंडळींनी ठरवले. परवानगीचा अर्ज करण्याआधी मजकूर सर्वांना वाचायला पाठवला गेला आणि तिथेच घोडे अडले. फौजेच्या प्रमुखाचे जुने पद ‘सरनोबत’ असे लिहायचे की ‘सरनौबत’, यावर दोन तट पडले असून एका ज्येष्ठ सदस्याने तर ‘सरनोबत’ लिहिणे हा शिवाजी महाराजांचा अवमान आहे, असे लेखी कळवले आहे.

‘सरनौबत’वाल्यांची बाजू पोकळ नाही. मूळ फारसी पदात ‘नौबत’च आहे, आपण आजही नौबत झडते म्हणतो, फौज आणि दौलत हे शब्दही ‘औ’सकट वापरतो, मग याच एका शब्दाची मात्रा का गाळायची, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. ‘सरनोबत’वाले आडनावाकडे बोट दाखवतात. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत नेमबाजीचे सुवर्णपदक मिळवणारी कोल्हापूरची राही सरनोबत आपले नाव याच रूपात लिहिते, आणि घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले रूप अशुद्ध ठरवणारे आपण कोण, असे ते विचारतात. जुन्या मोडी कागदांचा दाखला दोघेही देतात. मात्र ज्या लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचाही भेद पाळला जात नसे आणि कारकुनागणिक लेखन बदलत असे, तिच्याकडून एका मात्रेचा निवाडा मागण्यात फारसा अर्थ नाही. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार नियमही इथे हात वर करतात.

माझे मत ‘सरनोबत’च्या बाजूने आहे आणि त्याचे कारण त्याच फलकावर, त्याच ओळीत आहे. तिथे हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे गडाचे तीन अधिकारी ओळीने दिले आहेत. फारसी ‘नवीस’चे मराठीने ‘नीस’ केले, म्हणून आपल्याकडे सबनीस, चिटणीस आणि फडणीस झाले. ‘सिलाहदारा’चा शिलेदार झाला. ‘सरनौबत’साठी हट्ट धरणाऱ्या कोणीही शेजारच्या सबनिसाला हात लावलेला नाही. शिवाय ज्या महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राजव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय शोधले आणि ज्यांच्या १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सैन्याच्या सरनोबताला सेनापती म्हटले जाऊ लागले, त्यांच्याच नावाने फारसी स्वराचा आग्रह धरावा, हे मला मोठे मौजेचे वाटते. (ही मौज ‘औ’सकटच.)

मी राहतो त्या उत्तर वेल्समध्ये असाच एका अक्षराचा तंटा सैन्यातच झाला होता. ‘रॉयल वेल्श फ्युजिलियर्स’ या पलटणीच्या नावातील ‘वेल्श’ हा शब्द १८८१ पासून सरकारी कागदांत आजच्या रीतीने ‘एस’ घालून (Welsh) लिहिला जाई. पलटणीला मात्र ‘सी’ असलेले जुने रूप (Welch) हवे होते आणि शिपाई व अधिकारी तेच वापरत. अखेर १९२० मध्ये लष्करी आदेश निघाला व ‘सी’ अधिकृत झाला. २००६ मध्ये पलटण दुसऱ्या वेल्श पलटणीत विलीन झाली, तेव्हा नव्या नावात पुन्हा ‘एस’ आला. कार्नार्वनच्या किल्ल्यातील पलटणीच्या संग्रहालयावर मात्र जुना ‘सी’ कायम आहे.

हे सांगून ‘पाहा, तिकडे कसे शहाणपणाने मिटते’ असे मला म्हणायचे नाही. चाळीस वर्षे एका अक्षरासाठी झुरणारी पलटण आपल्या मंडळींपेक्षा कमी हट्टी नव्हती. फरक असा की त्या नावाखाली लढणारी माणसे हयात होती आणि त्यांची मागणी ऐकून आदेश काढणारी कचेरी होती. सरनोबताचे पद उरलेले नाही, त्यामुळे त्याच्या वतीने कोणीही बोलू शकतो आणि कोणाचेही बोलणे शेवटचे ठरत नाही. वेल्श लोकांनी आपापसात एकमेकांच्या देशप्रेमाचे माप त्या ‘सी’वरून काढल्याचे मात्र माझ्या वाचनात आलेले नाही, आणि नाशिकहून येणाऱ्या निरोपांत मला खुपते ते एवढेच.

या भांडणात फलकाचा खरा दोष कोणाच्या नजरेस आला नाही. सरनोबत दोन प्रकारचे होते. नेताजी पालकर, प्रतापराव गुजर आणि हंबीरराव मोहिते हे साऱ्या घोडदळाचे सरनोबत. गडावरचा सरनोबत त्या एका गडापुरता, आणि मोठ्या घेऱ्याच्या गडावर त्याच्या हाताखाली तटसरनोबतही असत. मजकुरात हा भेद कुठेच नाही, त्यामुळे रामशेजवर सेनापतीच ठाण मांडून होता असा वाचणाऱ्याचा समज होईल. हवालदाराची गत त्याहून वाईट. गडावर हवालदार हा मुख्य अधिकारी होता, सबनीस हिशेब पाही आणि सरनोबत शिबंदी, म्हणजे गडावरची फौज, सांभाळी. एकाच्या हाती सगळी सत्ता जाऊ नये म्हणून ही विभागणी होती. आज नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात हवालदार म्हणजे तीन फितींचा जवान आणि पंचवटीच्या चौकात हवालदार म्हणजे शिट्टी वाजवणारा पोलीस. सहलीला आलेले शाळकरी पोर तो फलक वाचून काय समजेल, हे मंडळींनी एकदा स्वतःला विचारावे.

मी मंडळाला कळवले आहे की जुन्या कागदातील उतारा द्यायचा असेल तर तो मुळात आहे तसाच द्यावा, आपल्या वाक्यात ‘सरनोबत’ लिहावे आणि तिन्ही पदांपुढे कामाची एकेक ओळ जोडावी. ज्येष्ठांचे उत्तर आले आहे. कामाच्या ओळी त्यांना मान्य आहेत. मात्रेवर ते अजून ठाम आहेत.