कांचनगंगा, कांचनजंघा, कांचनजुंगा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सिक्कीम-नेपाळ सीमेवरच्या कांचनजुंगा या हिमशिखराचं नाव मूळ तिबेटी आहे आणि मराठीतलं 'कांचनगंगा' हे रूप अशुद्ध आहे, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, सोन्यासारखं झळकतं म्हणून 'कांचन', एवढा सरळ संस्कृत अर्थ असताना तिबेटीत कशाला शिरायचं? दोन, घरोघरी कांचनगंगाच म्हणतात, ते अशुद्ध ठरवणारा मी कोण? दुसरा आक्षेप शंभर टक्के मान्य. मराठी माणसाने सोसायटीला, बंगल्याला हौसेने दिलेलं ते नाव आहे. 'अशुद्ध' हा शब्द मी लिहायला नको होता.

पहिलं मात्र पटत नाही. दार्जिलिंगजवळच्या टायगर हिलवरून पहाटे ते शिखर उजळताना पाहिलं की 'कांचन' सुचणारच. पण मग उरलेल्या 'जुंगा'चं काय करायचं? बंगालीत त्याची 'जंघा' झाली, आपल्याकडे 'गंगा'. दोन्ही मागाहून जुळवलेली. तिबेटीत चारही अक्षरांचा हिशोब लागतो : गङ् म्हणजे हिम, छेन् मोठा, जो भांडार, ङा पाच. महाहिमाची पाच भांडारं. शिखरंही पाचच आहेत आणि त्यांतली चार ८,४०० मीटरच्या वर. सुरुवातीचा 'ग' तिबेटी लोक खालच्या सुरात, जवळजवळ 'क'सारखा उच्चारतात, म्हणून आपल्या कानाला 'कां' ऐकू येतो.

स्वतः म्हणून पाहा. 'जो' म्हणताना 'जोडा'तला ज घ्या, 'जीव'मधला नको. हिंदीभाषकाला हा ज मुद्दाम शिकावा लागेल, आपल्याला तो आयताच मिळालाय. 'ङा' अवघड. 'वाङ्मय' म्हणताना ङ् वर थांबा आणि तिथूनच 'आ' काढा. शब्दाच्या सुरुवातीला ङ आपण कधी उच्चारतच नाही, म्हणून त्याचा 'गा' झाला.

इंग्रजांनी नाव बिघडवलं असंही कुणी म्हणेल, तर हूकर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने 'किंचिनजुंगा' लिहिलं हे खरं, पण तीही याच नावाची कानावरून केलेली नोंद. आणि पायथ्याचे लिंबू जमातीचे लोक याच पर्वताला 'सेवालुङमा' म्हणतात, म्हणजे ज्याला आपण वंदन करतो तो. सिक्कीममध्ये पांग ल्हाबसोल या सणाला त्याची रक्षक देवता म्हणून पूजा होते. २५ मे १९५५ ला जो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे ब्रिटिश गिर्यारोहक पहिल्यांदा वर पोहोचले, तेव्हा हा मान राखून ते माथ्याच्या अलीकडे काही पावलांवर थांबले. ज्यांचा हा देव आहे, त्यांच्या भाषेतला अर्थ आधी सांगायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

लेखात 'अशुद्ध'च्या जागी आता 'मराठीत रूढ' असं केलंय. व्युत्पत्ती आहे तशीच ठेवली आहे.