‘फुकटच्या खोलीला नावं’ ठेवण्याबद्दल

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलात लग्नाच्या पाहुण्यांची सोय कशी होते, याबद्दलच्या माझ्या लेखाखाली ‘एक जुना ठाणेकर’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. बरेच जण प्रतिक्रियांपर्यंत जात नाहीत, म्हणून ती जशीच्या तशी इथे देते.

“लग्नाला जायचं, यजमानाने दिलेल्या फुकटच्या खोलीत झोपायचं आणि घरी येऊन हॉटेलला नावं ठेवायची, हे बरं आहे. एका रात्रीत हॉटेल काय कळतं हो ताई? त्या दिवशी तिथे चाळीस खोल्या वऱ्हाडाच्या होत्या, कुणाचीही तारांबळ उडेल. एरवी हॉटेल उत्तम आहे, मी स्वतः राहिलोय. यजमानाला काय वाटेल याचा तरी विचार करायचा. आणि जीएसटी पाच टक्के झालाय, बारा नव्हे, तेवढं तरी बघून लिहा.”

आधी जीएसटी, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून रात्रीला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के लागतो, आधी 12 होता. मी जुन्या दराने हिशेब मांडला. 4,000 च्या खोलीवर 480 लिहिले, पाहिजे होते 200. दहा खोल्या, दोन रात्री म्हटलं तर 5,600 रुपयांचा फरक पडतो. चूक झाली, दुरुस्त केली. मात्र एवढं बघितलंच आहे तर पुढचंही बघा. 7,500 च्या वर गेलं की दर 18 टक्के. म्हणजे 7,500 ची खोली 7,875 ला पडते आणि 7,600 ची 8,968 ला. भाडं वाढलं शंभराने, बिल वाढलं 1,093 ने. लग्नतिथीला भाडी या आकड्याच्या आसपास घुटमळतात, आणि एक्स्ट्रा गादीचे पैसे खोलीच्या भाड्यात धरले तर ती गादीच तुम्हाला रेषेपलीकडे नेऊन ठेवते. खोल्या ठरवताना ‘करासकट किती’ एवढंच विचारू नये. ‘गादीसकट, करासकट किती’ असं विचारावं.

आता ते “काय कळतं हो ताई”. ‘ताई’चं काही नाही, ठाण्यात भाजीवालेही ताई म्हणतात. तो मधला ‘हो’ कशासाठी आहे ते मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मुद्दा सरळ मांडला असता तर उत्तर चार ओळींत संपलं असतं. पण प्रश्न विचारलाच आहे, तर एका रात्रीत काय कळतं ते सांगते. गेली नऊ वर्षं सासर-माहेर दोन्हीकडच्या लग्नांत पाहुण्यांच्या खोल्यांचं वाटप माझ्याकडे असतं. कोणाला खालचा मजला, कोणाला कमोड, कोणाच्या शेजारी कोणाला द्यायचं नाही, हे सगळं. तेव्हा ‘फुकटात झोपायला’ गेले होते हे वाक्य तुमच्याकडेच ठेवा.

लेखातलं गीझरचंच घ्या. त्या खोलीत 15 लिटरचा होता, 2 किलोवॉटचा. 25 अंशांचं पाणी 60 अंशांवर न्यायला त्याला 18 ते 20 मिनिटं लागतात. न्हाणीघरातली बादली साधारण 16 लिटरची. अंघोळीला 42 अंशांचं पाणी हवं, तर त्यात जवळजवळ निम्मं कढत, म्हणजे 8 लिटर. 15 लिटरच्या टाकीतून अशा दोन बादल्याही धड निघत नाहीत, कारण वरून गरम पाणी बाहेर पडतं तसं खालून गार आत येतं आणि दुसरी बादली भरता भरता धार कोमट होते. लग्नाच्या सकाळी अंघोळ डोक्यावरून. खोलीत नवरा-बायको, एक शाळकरी मूल आणि एक्स्ट्रा गादीवर आत्या. मोजून सात बादल्या. म्हणजे 56 लिटर कढत पाणी, चार टाक्या. पहिली आधीच तापलेली धरली तरी पुढच्या तीन टाक्यांसाठी जवळजवळ एक तास नुसतं थांबणं आलं. हॉलवर जाणारी बस साडेसातला, आणि आत्यांना नऊवारी नेसायची आहे. तीच टाकी 25 लिटरची असती तर एका दमात जवळजवळ तीन बादल्या निघाल्या असत्या. ती तापायला अर्धा तास लागतो, पण थांबावं लागतं दोनदाच, आणि दुसऱ्यांदा थोडंच.

‘एरवी’ जो माणूस राहतो, कंपनीच्या कामाला आलेला, एकटा, शॉवरखाली सात मिनिटं उभा राहणारा, त्याला हा गीझर कितीचा आहे हे दहा वर्षं राहिला तरी कळणार नाही. लग्नाच्या सकाळी साडेपाचला कळतं. तेव्हा “एका रात्रीत काय कळतं” याचं उत्तर असं आहे, की हीच एक रात्र असते जिच्यात कळतं.

आणखी एक. तिथे किल्लीचं कार्ड खाचेतून काढलं की खोलीतली सगळी वीज जाते, गीझरसकट. हळदीला खाली जाताना गीझर लावून गेलं आणि कार्ड पर्समध्ये टाकलं, तर परत येईपर्यंत पाणी गारच. चेक-इन करतानाच दुसरं कार्ड मागून घ्यायचं आणि एक खाचेत ठेवूनच दार ओढायचं. हे मी लेखात लिहिलं होतं. तुम्ही त्याला ‘नावं ठेवणं’ म्हणता.

“चाळीस खोल्यांत कुणाचीही तारांबळ उडेल.” उडेल ना! पण चाळीस खोल्या आकाशातून पडत नाहीत, चार-सहा महिने आधी आगाऊ रक्कम घेऊन लिहून दिलेल्या असतात. हिशेब सोपा आहे. रिकामी झालेली खोली नीट करायला, म्हणजे चादरी, टॉवेल, न्हाणीघर, केर-फरशी, एका माणसाला पंचवीस ते तीस मिनिटं लागतात. आधीची वरात, चेक-आउट 11 चं असलं तरी, दुपारी बाराला बाहेर पडणार, पुढचं वऱ्हाड दोनला आत येणार. दोन तासांत एक माणूस चार खोल्या करतो. चाळीस खोल्यांना दहा माणसं हवीत. त्या मजल्यांवर त्या दुपारी चार दिसत होती, तर उरलेल्या खोल्या केव्हा होणार? साडेचार-पाचला, किंवा दोनलाच, पण उशीखाली कालच्या गजऱ्याच्या पाकळ्यांसकट. आम्हाला दुसरा प्रकार मिळाला. यात हाउसकीपिंगच्या मुलांचा दोष नाही आणि मी तसं कुठेही लिहिलेलं नाही. दोष आहे एकाच दिवशी दोन वऱ्हाडं स्वीकारून माणसं रोजचीच ठेवणाऱ्याचा.

चेक-आउटचं तर लेखात अर्ध्या परिच्छेदात आटपलं होतं. तुमच्यामुळे पूर्ण लिहायची संधी मिळाली, आभार. मुहूर्त होता सकाळी 10 वाजून 48 मिनिटांचा. चेक-आउट 11 ला. म्हणजे अंतरपाट धरलेला असताना रिसेप्शनवरून फोन, की खोली सोडताय ना. सकाळच्या मुहूर्ताला खोली घेताना हा सगळ्यात मोठा खड्डा आहे आणि दर हंगामात लोक त्यात पडतात. सीमांतपूजनाची रात्र एकच धरली, की लग्नाच्या दिवशी सामान बसमध्ये, दागिने मांडीवर आणि जेवणानंतर आडवं व्हायला जागा नाही. ज्येष्ठ पाहुणे असतील तर निदान दोन खोल्या दोन रात्रींच्या घ्याव्यात आणि बाकीच्यांचं सामान त्यात लावावं. ‘लेट चेक-आउट देऊ’ हे तोंडी आश्वासन लग्नतिथीला काही कामाचं नाही, कारण ते रिकाम्या खोलीवर अवलंबून असतं आणि त्या दिवशी रिकामी खोली नसते. किती वाजेपर्यंत, किती खोल्या, किती पैसे, हे बुकिंगच्या कागदावर यायला हवं. गोरज मुहूर्ताला ही अडचण उलटी होते. तेव्हा खोली हवी असते सकाळी, आणि मिळते दोनला.

लिफ्ट. आतल्या पाटीवर 8 माणसं, 544 किलो. हा आकडा माणशी 68 किलो धरून येतो, बॅग त्यात नसते. बॅगांसकट पाच माणसं मावतात. एकशेवीस माणसं म्हणजे चोवीस फेऱ्या, आणि मजल्यामजल्यावर थांबत एक फेरी अडीच मिनिटांची धरली तर तासभर. दुसरी लिफ्ट बँक्वेटच्या सामानाला लावलेली. यावर उपाय हॉटेलने करायचा नसतो, आपण करायचा असतो: बॅगा आदल्या रात्री खाली, म्हातारी माणसं सातच्या आधी खाली, तरुणांनी जिन्याने. तेही लेखात होतं.

आवाजाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण खाली आणखी दोघांनी विचारलंय, की दहानंतर डीजे चालू कसा होता, पोलिसांत का गेला नाहीत. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकरला बंदी आहे, पण बंद सभागृहांना आतल्या आत सवलत आहे आणि त्यात बँक्वेट हॉलचं नाव आहे. त्यामुळे ‘दहा वाजले, बंद करा’ एवढ्यावर काम होत नाही. हॉल पहिल्या मजल्यावर असेल तर दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्या घेऊच नयेत. गाणं भिंतीत अडतं, ढोलाचा ठोका स्लॅबमधून पलंगापर्यंत येतो. वरचा मजला, आणि शक्य तर हॉलच्या विरुद्ध टोकाची खोली. लिफ्टशेजारचीही नको.

आता हॉटेल ते लग्नाचा हॉल हे अंतर. ‘हॉलपासून दहा किलोमीटर’ हे हॉटेलवाले सांगतात ते खोटं नाही. पण कासारवडवलीच्या बाजूने नौपाड्यात यायचं म्हणजे कापूरबावडी, माजिवडा आणि तीन हात नाका, तिन्ही ओलांडायचे, वर मेट्रोच्या कामाचे कठडे. रविवारी सकाळी साडेसातला हेच अंतर सुखाचं असतं, संध्याकाळच्या स्वागत समारंभाला नसतं. वऱ्हाड पनवेल-नेरूळकडून ट्रान्स-हार्बरने येणार असेल तर रविवारचा मेगाब्लॉक कुठे आहे ते शनिवारीच बघून सांगावं. आणि मुंबईच्या वेशीवरचा टोल ऑक्टोबर 2024 पासून हलक्या गाड्यांना माफ असला, तरी मुलुंड-ऐरोलीकडून येणाऱ्या लग्नाच्या खासगी बसला माफ आहे असं धरू नये. बसवाल्याशी ठरवतानाच टोल कोणाचा ते बोलून घ्यावं, नाहीतर तो नाक्यावर वराच्या काकांकडे मागितला जातो.

“एरवी हॉटेल उत्तम आहे.” असेल. मी एरवीचं लिहिलंच नव्हतं, लेखाचं शीर्षक वाचलं असतंत तर कळलं असतं.

यजमानांना काय वाटायचं ते यजमान आणि मी बघून घेऊ, तुम्ही मध्यस्थी करू नका.

हळदीच्या डागांबद्दल मात्र तुमच्या बाजूने एक गोष्ट सांगते, म्हणजे मी एकतर्फी लिहिते असं व्हायला नको. टॉवेल आणि चादरींवर हळद लागली म्हणून हॉटेलने पैसे कापले, त्यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो आणि लोक घाबरून आणखी घासतात. ऊन लागलं की तो फिका पडतो, पण हॉटेलच्या लाँड्रीला उन्हात वाळवायला गच्ची नसते. हळदीला घरचे जुने टॉवेल न्यावेत, आणि हळद लागलेल्या मुलांना पांढऱ्या चादरीवर बसू देऊ नये. कापलेले 1,800 रुपये योग्यच होते. पण ते कापताना कोणता टॉवेल, किती डाग, हे दाखवायला हवं होतं, आणि ते दाखवलं नाही. तेव्हा तेही पूर्ण तुमच्या बाजूने नाही झालं.

शेवटचं. लेखात हॉटेलचं नाव मी कुठेही घेतलेलं नाही. ना फोटो, ना चौकाची खूण. तरी तुम्ही ते ओळखलंत आणि त्याच्या बाजूने भांडायलाही आलात. म्हणजे वर्णन बरोबर होतं, एवढं तरी मान्य करा. तुमचा तिथे काही संबंध आहे का, ते मी विचारत नाही. पुढच्या वेळी ‘एरवी’ राहायला जाल तेव्हा न्हाणीघरात मान वर करून गीझरवरची पट्टी वाचा. लिटर त्यावर लिहिलेले असतात.

लेखातली जीएसटीची ओळ बदलली आहे. गीझरची तशीच आहे.