हेडलॉक, लाकडी फळ्या आणि जुना प्रेक्षक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुन्या अमेरिकन रेसलिंगवरच्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या लढती आज बघवत नाहीत, कारण एकाने दुसऱ्याची मान काखेत धरून दहा-दहा मिनिटं घालवलेली असतात. रिंगची जमीन म्हणजे स्प्रिंगची गादी, त्यामुळे कुणाला काही लागत नाही. प्रेक्षक भोळे होते म्हणून ते सगळं चाललं. आणि आजचे रेसलर पाच मिनिटांत जेवढं करतात, तेवढं तेव्हा तासाभरात होत नसे.

मान काखेत धरण्याच्या त्या पकडीपासून, म्हणजे हेडलॉकपासूनच सुरुवात करू. जुनी लढत समजायची तर ती पकड समजल्याशिवाय गत्यंतर नाही.

त्या काळी फेस आणि हील, म्हणजे प्रेक्षकांचा लाडका आणि खलनायक, वेगवेगळ्या खोल्यांत तयार होत. त्यांचं वैर खरं वाटावं म्हणून ते एका गाडीतून प्रवास करत नसत आणि चारचौघांत एकत्र बसतही नसत. मग लढतीची तालीम करणार कुठे? बुकर, म्हणजे लढती आखणारा माणूस, शेवट ठरवून देई: कोण जिंकणार, कशाने, साधारण किती मिनिटांनी. निरोप बऱ्याचदा रेफरी इकडून तिकडे नेई. मधली वीस, चाळीस, कधी साठ मिनिटं रिंगमध्येच, एकमेकांशी बोलत उभी करावी लागत. बोलायला सगळ्यात सोयीची जागा हेडलॉक, कारण तिथे एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी असतं आणि दंडाच्या आड ओठ दिसत नाहीत. पुढचे तीन-चार डाव तिथे सांगून होतात, दोघांचा श्वास परत येतो आणि प्रेक्षक कुठल्या गोष्टीला उठतोय याचा अंदाज घेता येतो. लढत बहुतेक वेळा हील चालवी. फेस मार खाण्यात आणि उसळून उठण्यात गुंतलेला असतो, हीलला आजूबाजूला बघायला सवड मिळते.

पकड घ्यायची पद्धतही ठरलेली. अमेरिकेत हेडलॉक डाव्या बाजूला, हात मुरगळायचा तर तोही डावा. मेक्सिकोत हेच उजवीकडे चालतं. आधी कधी न भेटलेले दोघे एकमेकांना इजा न करता तासभर लढू शकत ते या शिस्तीमुळे. एक डावीकडे आणि दुसरा उजवीकडे वळला की डोकी आपटतात. पकड घेणाऱ्याचं मनगटाजवळचं हाड समोरच्याच्या गालावर हवं, गळ्यावर नको. दंड फुगलेला दिसतो, पण आतून पकड सैल असते.

पकड मेली की लढत मेली, हे तुमचं म्हणणं खरं आहे. खालचा माणूस नुसता पडून राहिला तर ती विश्रांतीच. चांगला रेसलर पकडीतही काम करत राहतो: एक गुडघा उचलतो, मूठ आवळतो, समोरच्याला ढकलून दोरांकडे फेकतो, खांद्याची धडक खातो, खाली लोळतो, वरून उडी मारतो, आणि एवढं सगळं होऊन पुन्हा त्याच हेडलॉकमध्ये सापडतो. प्रत्येक वेळी सुटकेची आशा थोडी वाढलेली असते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला खरोखर सुटला की अख्खं सभागृह उभं राहतं. ती दाद आधीच्या मिनिटांनी कमावलेली असते. मधली मिनिटं कापून फक्त सुटकेची क्लिप पाहिली तर त्यात काहीच दिसणार नाही.

आता तासाभराच्या लढतींबद्दल. 1948 मध्ये आयोवातल्या वॉटरलू इथे प्रमोटर एकत्र आले आणि नॅशनल रेसलिंग अलायन्स उभी राहिली. देशाचे इलाखे वाटलेले, प्रत्येकाचा प्रमोटर वेगळा, जगज्जेता मात्र सगळ्यांचा एकच. लू थेझ, पुढे हार्ली रेस, रिक फ्लेअर हे जगज्जेतेपदाचा पट्टा घेऊन गावोगाव फिरत आणि प्रत्येक इलाख्यात तिथल्या नायकाशी लढत. जगज्जेता जाताना पट्टा घेऊन जाणार हे पक्कं, पण स्थानिक नायक हरून लहानही व्हायला नको, कारण पुढच्या आठवड्यापासून तिकिटं त्याच्याच नावावर विकायची. साठ मिनिटांची बरोबरी, ज्याला ते लोक ब्रॉडवे म्हणत, या अडचणीवरचा सर्वांत सुंदर उपाय होता. पट्टाही राहतो, नायकही मोठा होतो आणि पुन्हा लढत लावायला कारण मिळतं.

अशाच एका इलाख्याचं, टेनेसीतल्या मेम्फिसचं वेळापत्रक पाहा. शनिवारी सकाळी दीड तासाचा थेट टीव्ही कार्यक्रम, सोमवारी मेम्फिसचं मिड-साउथ कोलिझियम, मंगळवारी लुईव्हिल, बुधवारी इव्हान्सव्हिल. दर आठवड्याला तेच गाव आणि तोच प्रेक्षक. सगळे डाव एका रात्री खर्च केले तर पुढच्या सोमवारी दाखवणार काय? आणि रोज लढणाऱ्या शरीराने ते झेलायचं कसं? टीव्हीवर मोठ्या लढती सहसा लावतच नसत. नावाजलेला रेसलर एखाद्या अनोळखी माणसाला तीन-चार मिनिटांत लोळवी, मग माइकवर येऊन सोमवारच्या लढतीबद्दल बोले. तो कार्यक्रम तिकिटं विकण्यासाठी होता. सभागृहातल्या कितीतरी मोठ्या लढती चित्रित झाल्याच नाहीत आणि झालेल्यांतल्याही पुष्कळ टेप स्टेशनांनी पुसून पुन्हा वापरल्या. आज जे सहज सापडतं ते बरंचसं या टीव्ही कार्यक्रमांचं उरलेलं. त्यावरून त्या काळाचं मोजमाप करणं बरोबर नाही.

स्प्रिंगच्या गादीचं मात्र मला मनापासून वाईट वाटलं, कारण या समजुतीने त्या माणसांच्या पाठी आणि माना हिशेबातूनच जातात. रिंग म्हणजे चार लोखंडी खांब, त्यांना जोडणाऱ्या लोखंडी तुळया, वर लाकडी फळ्या किंवा प्लायवुड, त्यावर फोमचा पातळ थर आणि घट्ट ताणलेलं कॅनव्हास. डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे आजची डब्ल्यूडब्ल्यूई, या कंपनीची रिंग 20 फूट बाय 20 फूट, तिच्या प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यूची 18 बाय 18. काही रिंगांत तुळयांखाली मधोमध स्प्रिंग असते. तिने फळ्या किंचित दबतात, बस. कित्येक गावांत बॉक्सिंगच्याच रिंगवर काम भागवत आणि ती आणखी कडक. मोठा आवाज येतो तो फळ्यांखालच्या पोकळीमुळे. कॅनव्हास सैल राहिलं तर सुरकुतीत पाय अडकून घोटा किंवा गुडघा जातो. फळ्यांच्या सांध्यात एखादी कड वर आली की पाठीत बसते. दोर डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये खरेच दोर, वरून टेप गुंडाळलेले. इतरत्र बहुधा रबरी नळीत घातलेली पोलादी तार. दोन्हींवर पाठ आपटून काखेखाली काळेनिळे वळ उठतात. दोरांवर जाताना वरचा दोर हाताने धरायचा असतो, कारण टर्नबकल (दोर खांबाला ताणून धरणारा स्क्रू) सुटलं तर माणूस सरळ बाहेर सिमेंटवर जातो.

पडणं, म्हणजे बंप घेणं, शिकावं लागतं. हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा, आणि पाठीचा वरचा रुंद भाग व दोन्ही तळहात एकाच क्षणी जमिनीला लागले पाहिजेत. हात शरीरापासून साधारण 45 अंशांवर. आघात मोठ्या भागावर पसरतो, एवढंच त्यातलं तंत्र. आघात नाहीसा होत नाही. हनुवटी सुटली की डोकं मागे झटकून मेंदूला मार बसतो. घाबरून हात मागे टेकला की मनगट किंवा कोपर जातं. आधी बूड टेकलं तर कण्याचा शेवटचा मणका दुखावतो. सगळं बिनचूक केलं तरी ते रात्रीमागून रात्री, वर्षानुवर्षं करायचं असतं.

प्रेक्षक भोळे होते का? निकाल ठरलेले असतात हे न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत 1930 च्या दशकातच उघडपणे छापून आलं होतं. 1989 मध्ये तर खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफने न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे हे मनोरंजन असल्याचं मान्य केलं, कारण क्रीडा आयोगाची बंधनं नको होती. बहुतेकांना अंदाज होताच. तरीही 18 जानेवारी 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये खलनायक इव्हान कोलॉफने लाडक्या ब्रुनो सॅमार्टिनोला पिन केलं, म्हणजे खांदे जमिनीला टेकवून तीन मोजेपर्यंत धरलं, तेव्हा सभागृहात शब्दशः शांतता पसरली. 17 मे 1963 पासून, म्हणजे सात वर्षं आठ महिने, डब्ल्यूडब्ल्यूएफचा (तेव्हाचं नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूएफ) स्वतःचा पट्टा ब्रुनोकडे होता. त्या लोकांचं एका माणसावर प्रेम होतं. त्याला भोळेपणा म्हणणं मला मान्य नाही.

‘पाच मिनिटांत जास्त’ या मुद्द्यावर एकच उदाहरण देतो. 25 डिसेंबर 1982, डॅलस. पिंजऱ्यातली लढत, केरी व्हॉन एरिक विरुद्ध रिक फ्लेअर, पट्टा पणाला. फ्रीबर्ड्स या रेसलरांच्या टोळीतला मायकल हेस रेफरी आणि त्याच टोळीतला टेरी गॉर्डी पिंजऱ्याच्या दारावर. तोवर फ्रीबर्ड्स व्हॉन एरिक कुटुंबाचे मित्र होते. गॉर्डीने ते लोखंडी दार केरीच्या डोक्यावर आपटलं. उडी नाही, कसरत नाही, एक दार. त्यावर टेक्सासमध्ये कित्येक वर्षं सभागृहं भरली.

आजच्या रेसलरांची चपळाई मोठी आहे, त्यावर वाद नाही. हात आड न घेता डोक्यावर खाल्लेले खुर्चीचे फटके, रक्तबंबाळ कपाळं आणि मेंदूच्या माराकडे केलेलं दुर्लक्ष, यातलं काहीही परत यावं असं मला वाटत नाही. जुन्या दिवसांवर प्रेम करणाऱ्यांनी हे स्पष्ट बोललं पाहिजे.

वेळ काढलात तर 2 एप्रिल 1989 ची न्यू ऑर्लिन्सची लढत पाहा: फ्लेअर विरुद्ध रिकी स्टीमबोट, तीनपैकी दोन फॉल (फेऱ्या) जिंकेल तो विजयी, सुमारे 55 मिनिटं. पुढे पळवू नका. सुरुवातीला स्टीमबोट एकाच पकडीकडे पुन्हा पुन्हा कसा येतो आणि दर खेपेला फ्लेअरची सुटायची धडपड कशी बदलते, तेवढंच बघा. पहिला फॉल फ्लेअरचा, दुसरा स्टीमबोटचा. तिसऱ्यात स्टीमबोट फ्लेअरचे दोन्ही हात मागे अडकवतो, दोघे मागे कोसळतात, दोघांचे खांदे जमिनीला, आणि तीन मोजायच्या आत स्टीमबोट आपला खांदा उचलतो. फ्लेअरचा पाय तेव्हा दोराखाली होता, म्हणजे ती मोजणी धरायलाच नको होती. त्याच वादातून 7 मे ला नॅशव्हिलमध्ये पुढची लढत लागली. त्या वेळी निर्णयासाठी रिंगजवळ तीन परीक्षक बसवले होते आणि त्यांतला एक लू थेझ होता.