एसी, मिसळ आणि माझे ‘पुणेरी धंदे’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘कृष्णाकाठ’ या नावानं लिहिणाऱ्या वाचकांनी माझ्या कराड-कोल्हापूरच्या लेखावर भलीमोठी प्रतिक्रिया दिली आहे. ‘धन्यवाद, नोंद घेतली’ म्हणून सोडून देणार होतो. पण परवा रात्री दिवा घालवल्यावरही डोक्यात तेच फिरत राहिलं, म्हणून आता नीटच लिहितो.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मे महिन्यात कराडच्या अलीकडे एका खानावळीत जेवलो. भिंतीवर ‘येथे राजकीय चर्चा करू नये’ अशी पाटी, आणि तिच्याच खाली बसून ऊसदरावर तावातावानं बोलणारी सहा माणसं. त्यांच्या गप्पा मी लिहिल्या, पुढे कोल्हापुरात खाल्लेल्या मिसळीबद्दल लिहिलं. यावर कृष्णाकाठ म्हणतात की ते सहाही जण पुरुष होते आणि सहाही ऊसवाले होते. आत भाकरी थापणाऱ्या बाईंना मी एक शब्द विचारला नाही. ऊस तोडणाऱ्या टोळ्या लेखात कुठंच नाहीत. मिसळीबद्दल दोन चुका आहेत. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: “एसीत बसून यायचं, मिसळ हाणायची आणि आमच्या भागाचं राजकारण आम्हालाच शिकवायचं, हे पुणेरी धंदे आता बास.”

बास. ठीक आहे.

पहिलं म्हणजे ‘हाणायची’. मी एक प्लेट खाल्ली. कट दोनदा मागितला हे खरं, पण तो सगळेच मागतात. ‘खाल्ली’ हा शब्द असताना ‘हाणली’ कुठून येतं, हे मराठी वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही. मुद्दा मांडायला इतका राग कशाला लागतो?

आता एसी. आहे, गाडीत एसी आहे. सातारा ते कागल रस्त्याचं सहापदरीकरण किती वर्षं चाललंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. मे महिन्याचं ऊन, समोर खडीचा डंपर, ‘वळण रस्ता’ लिहिलेली वाकडी पाटी, आणि अशात मी काचा खाली करून धूळ खात यायला हवं होतं का, म्हणजे लिहायचा हक्क मिळाला असता? तसा नियम असेल तर आपल्या भागातले बरेच पुढारी आधी गप्प बसवावे लागतील. त्यांच्या गाड्यांच्या काचा मी तरी कधी खाली पाहिल्या नाहीत.

मी हे कधी लिहिलं नव्हतं, लिहायची गरजही वाटली नव्हती, पण आता तुम्ही भाग पाडलंत. माझे वडील एसटीत कंडक्टर होते, सांगली विभागात, एकतीस वर्षं. तिकिटांचा तो पत्र्याचा ट्रे, रंगीत तिकिटांच्या गड्ड्या, पंचनं दांडीवर टकटक केली की मागच्या बाकावरचा झोपलेला माणूससुद्धा खिशात हात घालायचा. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर वस्तीच्या गाडीला जायचो. रात्री गावात गाडी लागली की ड्रायव्हरकाका टपावर झोपायचे, वडील आत, आणि मी लांब सीटवर. जेवण स्टँडसमोरच्या खानावळीत, वहीवर मांडून. खानावळ म्हणजे काय हे मी गुगल मॅपवरचे तारे बघून शिकलेलो नाही, साहेब. ताटात दुसऱ्यांदा भाजी वाढायच्या आधी मालक वडिलांच्या तोंडाकडे बघायचा, महिनाअखेर असली की मी स्वतःच ‘नको’ म्हणायचो. त्याला राजकारण म्हणतात हे मला फार उशिरा कळलं.

वडील निवृत्त झाल्यावर २०२१ च्या दिवाळीच्या आसपास एसटीचा संप सुरू झाला आणि पाच महिन्यांहून जास्त चालला. एसटीचं राज्य सरकारात विलीनीकरण करा ही मागणी होती, ते मिळालं नाही. राज्य सरकारच्या शिपायाला जे निवृत्तिवेतन मिळतं ते एसटीच्या कंडक्टरला मिळत नाही, ईपीएसचे, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाच्या पेन्शन योजनेचे, जे काही हजार-दोन हजार येतात त्यात औषधं भागत नाहीत. हे मी कुठल्या लेखात वाचलेलं नाही. ते पासबुक भरून आणायला मीच जातो.

आणि ऊस? माझे मामा वाळवा तालुक्यात दीड एकर ऊस लावतात. २०२४-२५ च्या हंगामाला एफआरपी (कारखान्यानं द्यायचा किमान ऊसदर) १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये होती, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन हातात काय पडतं हे मला तोंडपाठ आहे. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर १५ टक्के व्याज, असा कायदा आहे. एका वर्षी मामांचं बिल एका कारखान्यानं (नाव घेत नाही) साडेचार महिन्यांनी दिलं. व्याज मागायला गेलेल्या मामांना शेतकी ऑफिसातल्या माणसानं विचारलं, “पुढच्या वर्षी नोंद लावायची आहे ना?” मामा चहा पिऊन परत आले. तेव्हा ‘आमचा भाग’ म्हणताना जरा जपून. तो माझाही आहे. बावीस वर्षं पुण्यात राहिलो म्हणून गावानं माझं नाव कापलेलं नाही, अजून मतदारयादीतही दोन्हीकडे सापडेल (म्हणजे पुण्यातलंच खरं, गावातलं काढायला अर्ज दिलाय).

मिसळीबद्दल मात्र तुम्ही बरोबर आहात. मी ‘सॅम्पल’ लिहिलं, तिकडे कट म्हणतात. मी ‘पाव’ लिहिलं, माझ्यासमोर स्लाइस ब्रेड होता. लेखात दोन्ही दुरुस्त केलंय. चूक कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही, काहींना वाटतो.

तुमच्या त्या वाक्यातून मला अजून एक वास येतो: मिसळ खायला आलास तर मिसळ खा, राजकारणाला हात लावू नको. हे कोल्हापूरच्या बाबतीत म्हणता? २०१९ च्या अखेरीस मटणाच्या दरावरून ज्या शहरात आंदोलन झालं, कृती समिती उभी राहिली, त्या शहरात रस्सा आणि राजकारण वेगळं कसं काढायचं, ते मला दाखवा. आणि त्याच्याही कितीतरी आधी, पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून मार खाल्लेल्या, दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी चहाचं हॉटेल काढून दिलं. नुसतं काढून देऊन थांबले नाहीत. तिथं गाडी थांबवून स्वतः चहा प्यायले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजला. त्या मंडळींपैकी किती जणांच्या घशाखाली तो सहज उतरला असेल? हॉटेलात काय खातो यापेक्षा कुणाच्या हातचं खातो, कुणाशेजारी बसून खातो, हे तिथं शंभर वर्षांपूर्वी भर रस्त्यावर ठरलं. मग पाटीखाली बसलेल्या सहा माणसांचं बोलणं मी लिहिलं तर बिघडलं कुठं?

राहिले बाकीचे मुद्दे. त्यांत फार शिरत नाही, उत्तर आधीच लांबलंय. टोळ्या मे महिन्यात आपापल्या गावी परतलेल्या असतात, गाळप संपल्यावर मी त्यांना कुठून आणू? नवरा-बायकोची जोडी मिळून एकच ‘कोयता’ मोजतात हे मलाही ठाऊक आहे, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. आणि बाईंचं म्हणाल तर लेख खानावळीवर होता, तो काही जनगणनेचा फॉर्म नव्हता. त्यांच्यापुढे परात होती, तव्यावर एक भाकरी, आरावर दुसरी फुगत होती, बाहेर सात ताटं खोळंबलेली. अशा माणसाला थांबवून “ताई, ऊसदराबद्दल काय वाटतं?” विचारणं मला प्रशस्त वाटलं नाही. तासाभरात त्या एकदाच बोलल्या, गल्ल्यावरच्या मालकाला, “पीठ संपत आलंय.” तेही त्यानं ऐकलं नाही, कारण तोही ऊसदरावर बोलत होता. हे लेखात नव्हतं हे मान्य. सगळंच लिहीत बसलो असतो तर तुम्हीच म्हणाला असता की लेख लांबला.

दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की पुन्हा जाणार आहे. या वेळी लाल डब्यानं. तिकिटाचा फोटो लेखाच्या सुरुवातीलाच टाकतो, म्हणजे तुमची सोय होईल.