24 इंची खण, 21 इंची काठवट

मी शाळेत गणित शिकवतो, तेही लातुरात. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या कपाटांची मापं मीच घेणार हे घरात ठरलेलंच होतं, म्हणजे मी ठरवलं होतं. तयार ट्रॉल्या नकोत, आपल्या ओट्याला बेतून लाकडी करून घेऊ म्हटलं. आईची अट एकच, "माजी काठवट मावली पाह्यजे." भाकरीचं पीठ मळायची बाभळीची लाकडी परात, तिच्या माहेराहून आलेली, 21 इंची. मी खण 24 इंचांचा धरला. 3 इंच वर राहतात, असा हिशेब आईला कागदावर दाखवला. तिनं "बरं" म्हणून भाकरी उलटली. त्या "बरं"चा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

मिस्त्री म्हणाले, "आठ दिवसांत मोकळं करतो, सर." 8 बाय 4 फुटांच्या प्लायच्या शीट आल्या, सनमायका आला, फेविकॉलचा डबा आला आणि अख्खं स्वयंपाकघर उठून हॉलमध्ये आलं. गॅस टीव्हीखाली, गोडेतेल दिवाणावर.

पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी कोपऱ्यात काटकोन तपासायचा गुण्या लावला. त्याची एक बाजू भिंतीला चिकटली, दुसरीच्या टोकाशी माझी करंगळी आरपार.

"सर, तुमचा काटकोन काय 90चा न्हाई."

हे गणिताच्या मास्तरानं ऐकून घ्यायचं! गवंड्याला फोन केला, तर तो म्हणाला, "भिंत सरळच हाय, त्यांचा गुण्या बगा." शेवटी फटीत प्लायची पट्टी ठोकली आणि वर सनमायका चिकटवला. तिला फिलर म्हणतात. नाव दिलं की चूक राहत नाही.

पाचव्या दिवशी वेळ अमावस्या, आमच्याकडचा शेतात जाऊन जेवायचा सण. त्या दिवशी लातूर शहरात माणूस सापडत नाही, मग मिस्त्री कुठून सापडणार? तेही भज्जी आणि आंबिलीसाठी शेतात गेले. अमावस्या एका दिवसात उरकली, आंबील मात्र आठवडाभर उतरली नाही. फोन केला की "निघालोच की, सर!" आणि मागून शेळ्या ओरडायच्या.

ट्रॉली बसली तेव्हा आईनं काठवट आणली. आडवी, उभी, तिरकी, जाईना. मी टेप घेऊन जमिनीवर बसलो. 24 इंच म्हणजे 610 मिलिमीटर. खणाच्या दोन बाजूंचा प्लाय 18-18चा, गेले 36. ट्रॉली ज्यावर सरकते त्या चॅनलला दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच, गेले 26. ट्रॉलीच्या स्वतःच्या दोन भिंती, आणखी 36. उरले 512, म्हणजे 20 इंच आणि वर नखाएवढं. लाकडालाही जाडी असते, हे मी वजाबाकीत धरलंच नव्हतं. पोरांचे असल्या चुकीला मी निम्मे मार्क कापतो.

"थोडी तासून देऊ का?" मिस्त्रींनी विचारलं. ट्रॉली नव्हे, काठवट. आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी रंधा पिशवीत घातला.

आता काठवट नव्या ट्रॉलीला टेकून उभी असते. ट्रॉली उघडायची तर आधी ती हलवायची. कोपऱ्यातल्या दाराची मूठ राहिलीय. "पाडव्याला येतो, सर," म्हणाले होते. गुढीपाडवा होऊन गेला. पाडवा दिवाळीतही असतो, हे मला नंतर सुचलं.